दोन टक म्हणजे व्हय

१

सुरुवातीलाच माफी मागतो. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा नववीत सुटली आणि शब्दही साधेच येतात. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पानभर ‘मी मी’ करायला हात धजत नाही, म्हणून नाव घेऊनच सांगतो. साईराज. कोरेगावात जयराजच्या गॅरेजवर कामाला होता. घर गावाबाहेर कॅनॉलच्या कडेला, तिन्ही बाजूंनी ऊस.

घराला लागून पत्र्याचं शेड होतं आणि शेडात, ताडपत्रीखाली, एक गाडी होती. विलायती, लाल, दोनच माणसांची. इतकी बुटकी की आत बसून हात खाली सोडला तर बोटं जमिनीला टेकावीत. ती साईराजच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, पाचगणीहून आणली होती.

आण्णांचं नाव आकाराम. फौजेत अठरा वर्षं ट्रक चालवला, पेन्शनीत आल्यावर पाचगणीला एका बंगल्यावर राखणदार म्हणून राहिले. बंगल्याचा मालक एकटा माणूस. गाडी स्वतःच चालवायचा, आण्णांनी ती फक्त पुसायची. बावीस वर्षांपूर्वी तो आजारपणासाठी मुंबईला गेला. जाताना आण्णांना म्हणाला, “येतो.” तो आला नाही. आण्णा मात्र दर रविवारी गाडी पुसत राहिले. “येतो म्हनलाय, म्हंजी येनार,” असं घरी सांगायचे. दोन वर्षांपूर्वी कुणा पुतण्यानं बंगला विकला आणि ते भंगार घेऊन जा म्हणाला. आण्णांनी टेंपो केला. गाडी शेडात उतरवली, चार चाकांखाली चार दगड लावले, वर ताडपत्री बांधली.

त्याच महिन्यात आण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, वाचा गेली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि उजव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटून राहिली.

२

बापलेकांत आधीही बोलणं बेताचंच होतं. आण्णा महिन्यातून एकदा घरी यायचे. आले की साईराज दाराआड उभा राहायचा आणि आण्णा दाराकडे न बघता विचारायचे, “बरं हाय न्हवं?” तेवढंच. दोघंही लाजाळू.

आजारपणानं मात्र त्यांना बोलायला लावलं. आण्णांचा डावा हात शाबूत होता. त्याच्या दोन बोटांनी ते लोखंडी खाटेच्या पाईपवर वाजवायचे. एक टक म्हणजे नाही, दोन टक म्हणजे व्हय.

“चहा?”

टक टक.

“कूस बदलू?”

टक.

कामावरून आला की साईराज खाटेशेजारी पाटावर बसायचा आणि विचारत राहायचा. ऊस कुणाचा तुटला, जयराज कुणावर चिडला, कॅनॉलला पाणी सुटलं. आण्णा बोलते असताना जे त्यानं कधी विचारलं नसतं, ते या टकटकीच्या आधारानं विचारता यायचं. एका संध्याकाळी त्यानं पाटाकडे बघत विचारलं, “शाळा सोडली म्हनून माज्यावर राग हाय का अजून?”

बराच वेळ काही वाजलं नाही. मग एकच टक.

साईराज उठला आणि पाण्याची मोटार बंद करायच्या निमित्तानं उसात गेला. डोळे पुसूनच परत आला.

म्हणून त्याच्या मनात आलं की या माणसासाठी काहीतरी करावं. इतकी वर्षं ज्यानं ती गाडी पुसली, त्याला एकदा तिच्यात बसवून कॅनॉलच्या रस्त्यानं न्यावं. त्यानं विचारलं, “आण्णा, शेडातली गाडी खोलू का? चालू करतो.”

टक.

“मी करतो की. पैशाचं बघू नका.”

टक.

साईराज हसला. आपल्याकडे मोठी माणसं पहिल्यांदा नकोच म्हणतात. दुसऱ्या भाकरीला ताटावर हात आडवा धरतात, तरी वाढायचीच असते. पाहुणा नको नको म्हणतो म्हणून कुणी त्याला उपाशी उठवत नाही. साईराजला वाटलं, हेही तसलंच नको.

ताडपत्री सोडायला तो उठला, तेव्हा आतून खाट वाजत होती. टक. टक. टक. सुटं सुटं, मधे थांबून. तीन वेळा नको. भाकरी वाढायचीच असं त्यानं ठरवलं.

३

खोलण्याची रीत त्याला आण्णांनीच शिकवली होती, लहानपणी, सायकलवर. पोतं अंथरायचं. जे पहिलं निघेल ते डावीकडं ठेवायचं, मग त्याच्या उजवीकडं दुसरं, तिसरं. प्रत्येकावर खडूनं नंबर. बसवताना उजवीकडून उचलत यायचं. “रांग मोडली तर गाडी आपली न्हाई ऱ्हात,” आण्णा म्हणायचे. फौजेतली शिस्त.

गॅरेजची सुट्टी गुरुवारी. बाकीच्या दिवशी सकाळचे दोन तास. हिवाळा होता, उसावर धुकं उतरलेलं असायचं. दूर कुठंतरी ट्रॅक्टरवर गाणी लावून ऊस वाहायचे, पण धुक्यातून ती गाणी कुणीतरी झोपेत गुणगुणावं तशी यायची. साईराज डिझेलमध्ये नट बुडवायचा, ब्रशनं घासायचा. दोन तास कधी संपले ते कळायचं नाही. कधी कधी आपण घासतोय की आपल्याला कुणी घासतंय, असं वाटायचं.

पिस्टन जाम होता, त्यात डिझेल ओतून ठेवलं. स्टेअरिंगही जाम होतं. चौथ्या गुरुवारी, तेल मुरल्यावर, ते कुरकुरलं आणि हातभर फिरलं. साईराजनं ते दोन्ही बाजूंना फिरवून बघितलं.

घरातून आईची हाक आली. “साईराज! आरं पळत ये!”

आई, बनुबाई, खाटेशी उकिडवी बसली होती. आण्णांचा उजवा हात, दोन वर्षं लाकडासारखा पडलेला, चादरीवर उघडला होता. तो मुठीसारखा मिटला. पुन्हा उघडला. मग हळूच डावीकडे वळला, उजवीकडे वळला.

“बगितलंस?” आई रडत हसत होती. “देवानं बगितलं माज्याकडं.”

साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, होतं असं. कधी कधी शरीर मनावर घेतं. साईराजलाही ते पटलं. आनंद झाला की माणसाला पटवून घ्यायला वेळ लागत नाही.

४

पुढच्या आठवड्यात दिव्यांचं वायरिंग झालं. उजवा दिवा लागला त्या दिवशी दुपारी आण्णांची मिटलेली पापणी वर गेली. साईराजनं दोन्ही गोष्टी मनात एकमेकींशेजारी ठेवल्या, पण त्यांच्यावर नंबर घातला नाही. योगायोग म्हणतात ते हेच, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

जयराजनं हॉर्न जुळवून दिला. जयराज म्हणजे तोंडाचा फाटका, मनाचा भला. गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, “काय गड्या, नवरीच्या आधी गाडी सजवलीस! बसायला दोनच जागा. सासूला कुठं बसवनार?”

“आण्णास्नी बसवनार हाय,” साईराज म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

“बसीव की. हान बटन.”

हॉर्न वाजला. जुन्या गाड्यांचा असतो तसा घोगरा, घसा खाकरल्यासारखा. आणि घरातून आवाज आला.

“पाणी.”

आई तांब्या घेऊन धावली. दोन वर्षांनी आण्णा बोलले होते. जयराजनं टोपी काढून हात जोडले आणि पहिल्यांदाच त्याला थट्टा सुचली नाही.

त्या रात्री जेवताना साईराजनं सवयीनं विचारलं, “आण्णा, भाकरी?” आणि पाईपकडे कान दिला. पाईप वाजला नाही. आण्णा म्हणाले, “अर्धी.”

“आता बोलत्यात की,” आई म्हणाली. “टकटक कशाला पायजे?”

खरंच होतं. तरी साईराज पाटावर बसून राहिला. विचारायचं पुष्कळ होतं, पण बोलत्या माणसाला काय विचारावं ते त्याला सुचेना.

५

फेब्रुवारीत आण्णा काठी घेऊन चालू लागले. रोज शेडापर्यंत यायचे आणि खुर्ची मागवून बसायचे. आण्णा जन्मभर जमिनीवर मांडी घालून बसले होते. आता गुडघे वाकत नाहीत, म्हणून खुर्ची. चहा बशीत ओतून प्यायचे, आता कपानं. हात थरथरतो, म्हणून कप. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण बरोबर होतं. साईराज ती कारणं मोजत राहायचा.

फौजेत असल्यापासून आण्णांची एक सवय होती. कुठलंही इंजिन सुरू करण्याआधी ते बॉनेटवर दोन बोटं टेकवून क्षणभर थांबायचे. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा आण्णा समोर खुर्चीत होते. साईराजनं किल्ली धरून वाट बघितली.

“थांबलास का?” आण्णांनी विचारलं.

“तुमी... बोटं टेकवायची न्हाईत?”

आण्णा त्याच्याकडे बघत राहिले. ओळखीच्या चेहऱ्यानं, पण बिनओळखीच्या सभ्यपणानं, जसं रस्ता सांगणाऱ्या माणसाकडे बघावं. मग म्हणाले, “चालू कर. घाट कधी चढायचा?”

“कुठला घाट?”

“पसरणीचा. पाचगणीला दुसरा कुठला जातो?”

आई सुखात होती. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक वर्षं नवरा फौजेत, नाहीतर पाचगणीत, नाहीतर खाटेवर. आता तो तिच्याशेजारी खुर्चीत बसून ऊन खात होता, भाजीला मीठ बरोबर आहे म्हणत होता. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं होतं. साईराज एकदा तिला म्हणाला, “आये, आण्णा बदलल्यागत वाटत्यात का?”

“बदलनारच की. मरनाच्या दारातनं आलाय मानूस.” मग चूल फुंकत हळूच म्हणाली, “बदलंनात का. हायत न्हवं? ऱ्हाऊ दे रं माज्याजवळ.”

साईराज शेडाकडं निघून गेला.

६

गाडीतली टकटक त्यानं पहिल्यांदा ऐकली ती रंग वाळत असताना. बॉनेटला शेवटचा लाल हात दिला होता आणि शेडात तो एकटाच होता. गाडीतून, डाव्या सीटच्या बाजूनं, आवाज आला. टक टक.

जयराजला विचारलं तर तो म्हणाला, “पत्रा हाय. उन्हानं फुगतो, थंडीनं आकसतो. वाजनारच रं. तू झोपत न्हाईस वाटतं अलीकडं?”

पटलं. तापलेलं इंजिनही थंड होताना वाजतं, हे साईराजला माहीत होतं. पण इंजिन दोन दिवस बंद होतं. आणि पत्रा कसाही वाजतो, एकदा, पाचदा, भराभर. हा आवाज दोनदाच व्हायचा, थांबायचा, आणि त्या थांबण्यात कुणीतरी वाट बघतंय असं वाटायचं.

शेवटच्या गुरुवारी दुपारी पॉलिश झालं. लाल पत्रा पाण्यासारखा दिसू लागला. त्यात शेडाचे वासे दिसत होते, दारातलं ऊन दिसत होतं, पलीकडचा ऊस हलताना दिसत होता. आण्णा काठी टेकत आले आणि साईराजच्या शेजारी उभे राहिले. दोघं बॉनेटवर वाकले.

पत्र्यात साईराज उभा होता. त्याच्याशेजारी आण्णा आडवे होते.

चादर छातीपर्यंत. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवी पापणी अर्धी मिटलेली. उघडा डोळा थेट साईराजकडे बघत होता, जसा खाटेवरून बघायचा तसा. चादरीबाहेर डावा हात होता. त्याची दोन बोटं उचलली गेली.

टक टक.

बाकदार पत्र्यात माणूस ताणला जातो, आडवा दिसतो. जत्रेतल्या आरशात दिसतोच की. साईराजनं एवढं मनात म्हणून घेतलं. पण मग तो स्वतः सरळ कसा दिसत होता?

“सुंदर,” शेजारचा माणूस म्हणाला. त्यानं काही ऐकलं नव्हतं, नाहीतर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “उद्या सकाळी निघू. दहाच्या आत वर पोहोचलं पाहिजे. बंगला उघडायचा आहे.”

तो गेल्यावर साईराजनं गाडीचं दार उघडलं. आत बसायचा धीर झाला नाही. तो पाट घेऊन आला, गाडीशेजारी डाव्या सीटपाशी टेकला आणि खाली बघत, पूर्वी विचारायचा तसं, हळू आवाजात विचारलं.

“आण्णा?”

टक टक.

“तहान लागलीया?”

टक.

“माज्यावर राग हाय?”

या वेळी थांबणं नव्हतं. लगेच, एकच. टक.

साईराजनं सीटवर हात ठेवला. चामडं थंड होतं, आणि मधे खोलगट, कुणीतरी खूप दिवस एकाच कुशीवर पडून राहिल्यासारखं. दारातलं ऊन उंबऱ्याबाहेर सरकेपर्यंत तो तसाच बसला. शेवटचा प्रश्न ओठांवर होता. विचारला तर उत्तर येईल आणि आलं की ते मानावं लागेल, हे त्याला ठाऊक होतं. एकदा त्यानं या माणसाचा नकार आग्रहात घालवला होता. घरातून आईच्या हसण्याचा आवाज येत होता. ती कुणालातरी सकाळच्या प्रवासाची शिदोरी काय द्यायची ते विचारत होती.

“परत खोलू?”

टक टक.

“खोलल्यावर तुमी घरात याल?”

तो कान देऊन बसला. ऊस सळसळला, थांबला. त्या प्रश्नाला एक टक आली नाही आणि दोनही आल्या नाहीत.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. आई अंधारातच उठली होती, तिच्या भाकरीचा वास शेडापर्यंत येत होता. ओसरीवर तो माणूस खुर्चीत बसला होता, फौजेतला जुना कोट घालून, केस पाण्यानं बसवून, हातात कप.

“साईराज,” त्यानं हाक मारली. “तयार आहे ना गाडी?”

“जरा तपासतो,” साईराज म्हणाला.

त्यानं शेडात जाऊन बॅटरीची वायर सोडली. पोतं झटकून जमिनीवर अंथरलं. खडू खिशात होता. मग बॉनेटवर दोन बोटं टेकवली, क्षणभर थांबला, आणि हॉर्नच्या नटाला पाना लावला. नवाच बसवलेला नट, अलगद सुटला.

ओसरीवर तो माणूस आईला सांगत होता, “घाटात एक वळण आहे, तिथून खालची वाई इतकी सुंदर दिसते, की...”

हॉर्न साईराजच्या हातात आला. वाक्य तिथंच थांबलं.

“की काय?” आईचा आवाज हसरा होता. “आवं? ... आवं, बोला की! असं काय बगताय?” मग भाकरीची परात पालथी झाल्याचा आवाज. “साईराज! आरं साईराज!”

पोत्याच्या अगदी डाव्या कडेला त्यानं हॉर्न ठेवला आणि त्यावर खडूनं एक लिहिलं. मग मान वळवून गाडीकडे कान दिला. गाडी गप्प होती. इतके दिवस जी डाव्या सीटमधे होती, ती वाट बघणारी शांतताही आता तिथं नव्हती. टकटक परत खाटेवर सुरू होईल, की आता कुठंच होणार नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

आई हाका मारत होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यानं पुसलं नाही, कारण दोन्ही हात ग्रीसचे होते. तो स्टेअरिंगखाली आडवा झाला आणि दुसऱ्या नटाला पाना लावला.